नळ बंद करा

वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टर मुलीने आत्यासमोर एक चित्र धरलं. कुठल्याशा परक्या घरातलं स्वयंपाकघर. फ्रॉक घातलेली बाई बशी पुसत उभी आहे, तिच्या पाठीमागे एक मुलगा डगमगत्या स्टुलावर चढून वरच्या कपाटातली बिस्किटं पळवतोय, खाली बहीण हात पसरून उभी आहे, आणि बाईचं लक्षच नाही म्हणून सिंक भरून पाणी जमिनीवर वाहतंय. "आजी, काय काय चाललंय ह्यात? सांगा बघू." आत्याचा उजवा हात पांघरुणावर नुसता पडलेला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. पक्षाघाताचा झटका, म्हणजे स्ट्रोक, येऊन ॲडमिट केल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. चित्राकडे ती बराच वेळ बघत राहिली. ओठ हलले, थांबले, परत हलले. मग अगदी स्वच्छ म्हणाली, "नळ." आणि जरा वेळाने, वर्गातल्या पोरांवर चिडावं तशा सुरात, "पाणी... पाणी!" डॉक्टर मुलीने कागदावर एक आकडा लिहिला आणि पान उलटलं. पुढच्या पानावर हातमोजा होता, किल्ली होती, निवडुंग, खुर्ची, पीस आणि झोपाळ्यासारखी टांगलेली जाळी.

मला तो आकडा खटकला. आत्या बोलली होती! आत्याच्या मुलाच्या, दादाच्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, वहिनी मोबाइल घेऊन बाहेर पळाली होती सगळ्यांना सांगायला, आणि ह्या मुलीने "हं" म्हणून दोन लिहिले. भाषेच्या त्या प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात, आणि जितके जास्त तितकं वाईट. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच कमी मार्क पडलेले चांगले असणार होते.

ती ‘पाणी’ का म्हणाली ह्यावर आमच्यात घरी तीन मतं पडली. वहिनीचं म्हणणं सरळ होतं: तहान लागली होती. पलंगाच्या डोक्याशी ‘एनबीएम’ अशी पाटी होती, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. दादा वाटी-चमचा घेऊन आला तेव्हा सिस्टरने वाटी त्याच्या हातातून काढून घेतली होती. "गिळता येतंय का बघितल्याशिवाय थेंबसुद्धा नाही. श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया." दादा बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकला. आपल्याकडे माणसाच्या तोंडात पाणी घालणं ही काही साधी गोष्ट नसते, आणि स्वतःच्या आईला घालायला कुणीतरी अडवतंय. मलाही तेव्हा ती सिस्टर कडक वाटली. पुढे रात्री-रात्री वाचत बसायची सवय लागली तेव्हा सँडी मिडलटन ह्या ऑस्ट्रेलियन परिचारिकेचं नाव सापडलं. न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त तीन गोष्टी नेमाने करून घेतल्या होत्या: ताप वाढू द्यायचा नाही, साखर वाढू द्यायची नाही, आणि गिळणं तपासल्याशिवाय काही पाजायचं नाही. नवं औषध नाही, यंत्र नाही. २०११ साली निकाल छापून आला: जिथे हे नेमाने झालं, तिथे तीन महिन्यांनी मेलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचं प्रमाण शंभरांत जवळपास सोळांनी कमी होतं. नंतर तीच पद्धत युरोपातल्या १७ देशांतल्या ६४ हॉस्पिटलांनी उचलली. सगळ्या कामाचा भार नर्सेसवर. आमच्या सिस्टरला ह्यातलं काय ठाऊक होतं कुणास ठाऊक. पण तिच्या हाताला ते ठाऊक होतं. ती वाटी तिने ज्या झटक्याने काढून घेतली, त्यात संशय नव्हता.

दादाचं मत वेगळं. तो म्हणाला, आईला तहानबिहान काही नव्हती, तिला त्या बाईचा राग आला होता. पेठेत राहिलेल्या माणसाला वाहता नळ बघवत नाही. सकाळी ठरलेल्या वेळेला पाणी येणार, तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या भरायच्या, आणि उन्हाळ्यात खडकवासल्यात किती टीएमसी उरलंय ते पेपरात बघून धुणं काढायचं, ह्यात जन्म गेला. चित्रातल्या चोरट्या पोराकडे तिने बघितलंही नाही. बिस्किटं काय, परत आणता येतात.

तिसरं मत माझं होतं, आणि ते मी कुणाला फारसं सांगितलं नाही. पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१ ला आत्या बारा वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आम्ही तिला ती गोष्ट पुनःपुन्हा सांगायला लावायचो: दुपारी पाणी वाड्याच्या पायऱ्या चढायला लागलं, आजीने देवघरातले देव ओच्यात घेतले, आणि सगळे शेजारच्या उंच माडीवर. पूर ओसरला तेव्हा घरभर चिखल, आणि नळ कोरडे. जमिनीवर पसरत चाललेलं पाणी आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली बाई. मेंदूची डावी बाजू अर्धी विझलेली असताना तिला नेमकं काय दिसलं असेल?

रकाना मात्र एका आकड्याचाच होता.

मी चिडूनच शोधायला गेले होते की हे चित्र आलं कुठून. ते बॉस्टनचं निघालं, १९७२ सालच्या एका भाषा-चाचणीतलं. मेंदूला इजा झाल्यावर बोलणं कितपत शाबूत आहे ते बघायला केलेलं. पुढे ते झटक्याची तीव्रता मोजायच्या अमेरिकी मोजपट्टीत आलं, आणि त्या मोजपट्टीबरोबर जगभर फिरलं. जिथे सिंक नाही, बिस्किटांची बरणी नाही, बशा पुसायला स्वयंपाकघरात उभं राहायची पद्धत नाही, अशा घरांतल्या म्हाताऱ्यांसमोरही ते धरलं जातं. मला आधी ते उद्धट वाटलं. एक चूल, एक पाटा-वरवंटा काढायला काय जातं? मग दुसरी बाजू ध्यानात यायला लागली. पुण्यातल्या आत्याचे दोन आणि ग्लासगोतल्या कुठल्या आजोबांचे दोन हे एकाच जातीचे दोन असले, तरच एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला द्यायची हिंमत करता येते. त्यासाठी शेकडो हॉस्पिटलांनी एकच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत विचारायचा. हे काम किती कंटाळवाणं असेल. आपण ‘देशोदेशीचे तज्ज्ञ एकत्र आले’ असं वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं, गळ्यात पट्टे लटकवलेली माणसं येतात. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग असा असावा: आपल्याला पटत नसलेल्या चित्रावर सह्या करणं.

आणि तरीही चूल काढायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

आत्याला क्लॉट, म्हणजे मेंदूतली रक्ताची गुठळी, विरघळवायचं इंजेक्शन मिळालं नाही. ती सकाळी उठली तीच तशी. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला, "शेवटचं नीट बोलताना कधी बघितलं होतं?" ह्या एका प्रश्नावर सगळं अडलेलं असतं आणि घरात त्याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. रात्री साडेदहाला टीव्ही बंद केला तेव्हा? पहाटे बाथरूमचा दिवा लागला होता, तो तिने की दादाने? कामाला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलं असंल," आणि त्यांच्या गावी असल्या वाऱ्याला कुठलं तेल लावतात तेही सांगितलं. इंजेक्शनची मुदत झटका आल्यापासून साडेचार तासांची. १९९५ साली अमेरिकेत तीन तासांत दिलं तर फायदा होतो असं दिसलं, आणि २००८ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी ती मुदत साडेचारपर्यंत नेली. तेरा वर्षांत दीड तास. झोपेत झटका आलेल्यांसाठी एमआरआयवरून वेळ ताडता येते का, ह्यावरही युरोपातले अनेक देश मिळून एक अभ्यास झाला. २०१८ मध्ये त्याने ‘हो, येते’ असं उत्तर दिलं, पण आठशे रुग्ण घ्यायचे ठरलेले असताना पाचशेतीनवर थांबावं लागलं. पैसे संपले म्हणून. आत्याचाही एमआरआय झाला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन करडे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले: एकात दिसतंय ते दुसऱ्यातही दिसायला लागलंय, म्हणजे उशीर झालाय. मला दोन्हींत काहीच दिसलं नाही. जर्मनीतल्या हंबर्गपासून कुठकुठच्या माणसांनी ठरवलेल्या त्या फरकावर माझ्या आत्याचा उजवा हात ठरत होता, आणि मी मान डोलावत होते.

हेलसिंकीच्या एका हॉस्पिटलने दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंतचा वेळ १९९८ मधल्या १०५ मिनिटांवरून २०११ पर्यंत वीस मिनिटांवर आणला. कसा? ॲम्ब्युलन्सने आधी फोन करायचा, रुग्णाचे जुने कागद तो पोचायच्या आत काढून ठेवायचे, स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न थांबवता थेट सीटीच्या खोलीत न्यायचं, आणि इंजेक्शन तिथेच सीटीच्या टेबलावर द्यायचं. फिनलंडचाच एक डॉक्टर हे सगळं मेलबर्नला घेऊन गेला आणि तिथे चार महिन्यांत, निदान कामाच्या वेळेत येणाऱ्या रुग्णांसाठी, पंचवीस मिनिटांवर आणलं. हे मी वाचत होते तेव्हा गणपती तोंडावर आले होते. लक्ष्मी रोडवर मांडवांचे बांबू, कुमठेकर रोडला वन-वे, आणि नळ स्टॉपच्या चौकात एक ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत उभी. पुढच्या रिक्षावाल्याला खरंच सरकायला जागा नव्हती; त्याने मागे वळून हात जोडले. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला एकोणीस लाख पेशी जातात असा एका अमेरिकन डॉक्टरचा हिशोब आहे. हेलसिंकीने वाचवलेली मिनिटं आपण एकेका सिग्नलला परत खर्च करतो. मेट्रो डोक्यावरून जात होती, रिकामी.

ह्या वाचनात मला सगळ्यात जवळचे वाटले ते फसलेले अभ्यास. आत्याच्या उशीवरून वॉर्डात रोज वाद. एक मामी म्हणे डोकं उंच हवं, दुसरी म्हणे सपाट ठेवा म्हणजे रक्त मेंदूकडे जाईल. असाच वाद डॉक्टरांतही होता. म्हणून भारतासकट नऊ देशांतल्या ११४ हॉस्पिटलांत अकरा हजारांवर रुग्णांच्या उश्या ठरवून काढल्या किंवा ठेवल्या गेल्या, पहिले चोवीस तास. २०१७ साली उत्तर आलं: काही फरक पडत नाही. अकरा हजार उश्या! मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे उंचच ठेवतात."

दुसरा अभ्यास मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे फिजिओ कमी, ते शहरांत, आणि महाग. मग घरच्यांनाच शिकवलं तर? लुधियाना आणि सिडनीच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन भारतातल्या चौदा हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर हे करून बघितलं. निम्म्यांच्या नातेवाइकांना हॉस्पिटलात रीतसर शिकवलं: हात कसा हलवायचा, उठवायचं कसं, बसवायचं कसं. घरी जाऊनही पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी मोजलं तर मेलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे सारखेच, शंभरात सत्तेचाळीस. हाही निकाल २०१७ चाच. मी तो वाचला तेव्हा पलीकडच्या खोलीत वहिनी आत्याची बोटं एकेक करून उघडत होती. सकाळी एकदा, रात्री जेवणं झाल्यावर एकदा. मऊ चेंडू, कपड्यांचे चिमटे, परातीत तांदूळ घालून त्यात लपवलेली नाणी. मला त्या छापलेल्या कागदाचा इतका संताप आला की तो तिला दाखवायचाच नाही असं ठरवलं. मग वाटलं, हे लपवून मी कुणाची बाजू घेतेय? ‘घरचे’ म्हणजे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. घरचे म्हणजे सून, नाहीतर मुलगी, नाहीतर बायको. हा प्रयोग यशस्वी ठरला असता तर उद्या कुणीही म्हणालं असतं की फिजिओ कशाला, घरात बाई आहे ना. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच्या आवडत्या कल्पनेविरुद्धचा निकाल जसाच्या तसा छापला, आणि ह्या कामासाठी घराबाहेरची, शिकलेली माणसं लागतील का ते बघायला हवं असं म्हटलं. मी शेवटी वहिनीला सांगितलं. ती चिमटे गोळा करत म्हणाली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं. होतच नव्हतं." त्या आठवड्यात दादाने आठवड्यातून तीन दिवस फिजिओ लावला. वहिनीने तांदळाची परात बंद केली नाही. पण ती आता सीरियल बघत करते.

यश आलेलेही आहेत, नाही असं नाही. रक्तस्राव होऊन येणाऱ्या झटक्याचं आपल्याकडे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त. त्यात रक्तदाब तासाभरात उतरवणं, साखर आटोक्यात ठेवणं, ताप आटोक्यात ठेवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर उतारा देणं, अशा चार गोष्टी एकदम केल्या तर माणसं अधिक सावरतात हे २०२३ मध्ये दिसलं. दहा देश, सात हजारांवर रुग्ण, भारत त्यात, आणि एक चिली सोडला तर सगळे कमी-मध्यम उत्पन्नाचे. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. बॉस्टनचं चित्र आपल्याकडे येणार ह्याची सवय आहे. इथे मोजलेलं तिकडे जाणं नवीन आहे.

पैशाचाही विचार मनात येतोच. चांगलं काम करणाऱ्या स्ट्रोक सेंटरना सोनेरी, प्लॅटिनम, डायमंड असे पुरस्कार मिळतात, आणि त्यामागच्या उपक्रमाला पैसा पुरवते ती क्लॉट विरघळवायचं औषध विकणारीच कंपनी. मिनिटं तर खरोखर कमी होतात. पण पुणेकराला फुकटचं तोरण दिसलं की कोण बांधून गेलं हे विचारावंसं वाटतंच. तशात एक दिवस कळलं की त्याच कामाचं नव्या पिढीतलं औषध, टेनेक्टेप्लेस, जे तासभर सलाइनमधून सोडत न बसता एका इंजेक्शनात देता येतं, ते हिंजवडीत जिनोव्हा नावाच्या कंपनीत बनतं. कॅनडाने २०२२ मध्ये जुन्या औषधाच्या तोडीस तोड ठरवलेलं औषध. दादा वीस वर्षं रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातोय.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. त्यांच्या रजिस्ट्रीसाठी प्रश्न विचारायचे होते, तशी सही दादाने डिस्चार्जच्या वेळी केलेली होती. फोन स्पीकरवर टाकला. आधाराशिवाय चालता का? काठी घेऊन चालते. पूर्वी करत होता ती सगळी कामं करता? स्वतःचे व्यवहार स्वतः बघता? आत्या ठणकावून म्हणाली, "हो." वहिनीने मान हलवली. बँक दादा बघतो, गोळ्यांच्या डब्या वहिनी भरते, रस्ता ओलांडायला कुणीतरी लागतं. पण दुधाचा हिशोब आत्याच बघते, डाव्या हाताने कॅलेंडरवर काट मारून, आणि दूधवाला तिला घाबरतो. पलीकडची मुलगी शांतपणे पुढचा, मग त्याच्या पुढचा प्रश्न विचारत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे, तीन." झटक्यानंतर माणूस किती परावलंबी झालाय ते मोजायची ही मोजपट्टी रँकिन नावाच्या ग्लासगोच्या डॉक्टरने १९५७ मध्ये काढली, तेव्हा त्यात पाचच पायऱ्या होत्या, शून्य आणि सहा नंतर जोडले गेले. आत्याने लगेच विचारलं, "किती... पैकी?" फोनवरची मुलगी गडबडली. दादा म्हणाला, "सहा." आत्याने तोंड वाकडं केलं. "निम्मे." सहा कुणाला मिळतात ते तिला आम्ही सांगितलं नाही. तिच्यासाठी भाषेच्या मार्कांसारखाच हाही पेपर उलटा होता.

एवढं सगळं वाचून हाताशी काय लागलं, तर एक पान. माझ्या कोथरूडच्या सोसायटीसाठी मी ते तयार केलं. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, घड्याळ बघा, शेवटचं नीट कधी होते ते लिहून ठेवा, पाणी पाजू नका, तेल चोळत बसू नका, १०८. खाली आपल्या भागात रात्री-अपरात्री सीटी कुठे होतो आणि हे इंजेक्शन कुठे देतात, त्यांची नावं. ती यादी करायला मी फोन करत होते तेव्हा एका ठिकाणी रिसेप्शनवरून विचारलं, "पेशंटचं नाव?" म्हटलं, "पेशंट नाहीये, आधीच विचारून ठेवतेय." तर म्हणाले, "मग पेशंट झाला की फोन करा."

पान घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, ‘अडखळणं’वर अनुस्वार हवा का ह्याची चर्चा केली, आणि म्हणाले, "छान आहे. पण बोर्डावर नाही लावता येणार. खासगी हॉस्पिटलांची नावं आहेत, जाहिरात होते. त्याला ठराव लागेल." म्हटलं, "नावं काढली तर जायचं कुठे ते कसं कळणार?" ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, ठराव करू." विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आहे, पार्किंगच्या खाली. पार्किंगचा विषय आमच्याकडे संपलेला कुणी बघितलेला नाही, म्हणून तूर्त ते पान मी लिफ्टमध्ये चिकटवलंय. कुणीतरी काढतं, मी परत लावते. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, काढलेलं दिसलं की वर बेल मारा. प्रिंट काढून ठेवल्यात.